एकतीस रेघा

"रेघ जुळली का?"

आमचे मिस्त्री कोणाला 'कसं काय' असं कधी विचारायचेच नाहीत. रस्त्यात भेटले, लग्नात भेटले, दवाखान्याच्या दारात भेटले तरी आधी तुमच्या गाडीपाशी उकिडवे बसायचे. डावा अंगठा चाकाच्या नटावरून फिरवायचे. मग तो अंगठा शर्टाच्या छातीवर पुसायचे, मान वर करायचे आणि विचारायचे, "रेघ जुळली का?"

त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर खिशाच्या जागी एक काळपट डाग कायमचा बसलेला होता, तो या पुसण्यामुळे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "पुढच्या वेळी शिंप्याला सांगते, खिसा नको, तिथं फडकंच शिव."

रेघ म्हणजे काय, ते सांगतो. मिस्त्रींनी कुठलाही नट पान्याने आवळला की ते त्यावर लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारायचे. अर्धी रेघ नटावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. गाडी उघडायला नको, पाना लावायला नको, नुसतं बघितलं की कळतं. पण मिस्त्री नुसते बघायचे नाहीत. "डोळ्याला चकवता येतं सायेब," ते म्हणायचे, "अंगठ्याला नाय."

मिस्त्रींचं नाव मी सांगणार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते आणि आमच्या समोरच्या घरात राहायचे, एवढं पुरे. मूळचे सायखेड्याचे. नाशकात पंचवीस वर्षं काढून बोलण्यातलं गाव त्यांनी सोडलं नव्हतं.

मी कोण? मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. हरसूलपासून नामपूरपर्यंत सगळ्या डॉक्टरांची दारं मी मोटारसायकलवरून झिजवलेली. आमच्या धंद्यात वाढवून सांगितल्याशिवाय पान हलत नाही. माझ्या कंपनीच्या खोकल्याच्या औषधाने मुके बोलायला लागले, असं मी एका डॉक्टरांना सांगितलं होतं आणि त्यांनी दोन खोकी घेतली होती. तेव्हा वाचकहो, या लिखाणातल्या माझ्या आकड्यांना आपापल्या जबाबदारीवर दोनाने भागा. दोन आकडे मात्र खरे आहेत. ते आले की सांगीन.

तर ट्रायल्सची गाडी.

नव्वदच्या दशकात नाशकात मोटारसायकलच्या शर्यतीचं वेड होतं, पण ते वेगाचं. धूळ उडाली पाहिजे, आवाज झाला पाहिजे. ट्रायल्स म्हणजे याच्या उलट. दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून, कड्यावरून गाडी न्यायची, सावकाश, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की गुण गेले. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमची सगळी गल्ली हसली. मिस्त्री हसले नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलिंग असायचं, त्यात सायखेड्याला ते सलग पाच वर्षं पहिले. म्हणजे सगळ्यात शेवटी पोचणारे. एका वर्षी ते सायकलवर एकाच जागी इतका वेळ उभे राहिले की पंच म्हणून नेमलेले सर घरी जाऊन जेवून आले, तरी हे चुन्याच्या त्याच रेषेवर. (भागा दोनाने.)

"जोरात कोणी बी पळवील सायेब," मिस्त्री म्हणाले. "हळू चालवायची गाडी आपण बनवू."

बनवायला दोन वर्षं लागली.

गाडी मिळाली नामपूरला, एका कांदा व्यापाऱ्याच्या चाळीमागे. जाड पोटाची जुनी टू-स्ट्रोक, हँडलवर कोंबडी बसलेली. व्यापारी म्हणाला, "गाडी भारी शे, फक्त चालू व्हत नही." मिस्त्रींनी इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिथल्या तिथे त्यांनी चाकं काढली, इंजिन उतरवलं, नुसता सांगाडा दोरीने लिंबाच्या फांदीला टांगला आणि लाकडी हातोडीने ठोकला. टण्ण. कान लावला. दुसरीकडे ठोकला. टण्ण. "फ्रेम ही घंटा हाय. तडा गेला की बसक्या आवाजात बोलती," म्हणाले. नामपूरचा अर्धा बाजार कांदे सोडून बघायला जमला होता. कोणीतरी आरती सुरू करणार एवढ्यात मिस्त्रींनी मान हलवली. घ्या.

मग एकेका भागाची निवड. मुलगी बघायला जाणारे लोक मी पाहिलेत, पण अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मिस्त्रींनी नट बघितले तसं कोणी काही बघितलं नसेल. चाळीस नट घ्यायचे, किल्लीने वाजवायचे, बोटाने आटे तपासायचे आणि एकोणचाळीस परत पाटीत टाकायचे. शेवटी भंगारवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, नट चाहिए या दामाद?"

"दामाद चुकला तर पोरगी परत येती," मिस्त्री म्हणाले. "नट चुकला तर माणूस येत नाय."

भंगारवाल्याला मराठी पुरतं कळत नसावं, तो हसला. मी हसलो नाही. त्या गाडीवर बसणारा माणूस मी होतो.

बसणारा म्हणजे उभा राहणारा. "ह्या गाडीवर बसायचं कामच नाय," म्हणून त्यांनी सीट काढून टाकली, तिथे चार बोटं स्पंज लावला. पाय ठेवायचे खुंट मागे आणि खाली सरकवले आणि त्यांच्या कडांना कानशीने दाते पाडले, बूट घसरू नये म्हणून. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, त्यांनी ताटाएवढं कापून घेतलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू चालायची की एकदा शेजारून एक गोगलगाय पुढे गेली आणि तिने वळून पाहिलं. टायरमध्ये हवा इतकी कमी की पिकलेला आंबा दाबावा तसा तो अंगठ्याने दबायचा, म्हणजे दगडाला मिठी मारतो. जिथे नटाला तार बांधायची, तिथे द्राक्षबागेच्या मांडवाची तार.

आणि दर रविवारी सकाळी देखभाल. क्लचची केबल काढून खिडकीच्या गजाला टांगायची, वरच्या टोकाला कागदाचा द्रोण, द्रोणात तेल. थेंब थेंब उतरत ते खालच्या टोकाने बाहेर येईपर्यंत मिस्त्री समोर बसून राहायचे. मी म्हणायचो, "मिस्त्री, पेशंटला सलाइन लागलंय, भेटायची वेळ संपली." ते थेंबावरची नजर हलवायचे नाहीत.

पण खरा जीव होता पुढच्या ब्रेकमध्ये. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. पुढच्या चाकात ब्रेकची एक गोल प्लेट असते. चाक फिरतं, प्लेट फिरत नाही, कारण एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. त्या पट्टीला एक नट. तो नट निसटला तर ब्रेक दाबताक्षणी प्लेटही चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी थांबतं. वरचा माणूस थांबत नाही.

"हा नट मालक," मिस्त्री म्हणायचे. "बाकी तीस नोकर."

एकूण एकतीस नट, एकतीस रेघा. (हा आकडा मिस्त्रींचा आहे. त्याला भागायचं नाही.) आणि त्यांचा एक कायदा होता. एक जरी रेघ तुटली, तरी एकतीसच्या एकतीस नट सैल करायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा रेघा मारायच्या. "एक बोलला म्हंजे बाकीचे गप ऱ्हायले असतील," असं त्याचं कारण. त्याला तास लागायचा. गल्लीत त्यांच्या या कायद्याची सगळ्यात जास्त चेष्टा करणारा मीच.

एकदा असाच चेष्टा करत होतो. मिस्त्री शिफ्टला गेलेले, वहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, दुकानदाराला वाटत असेल तुम्ही दहाही बोटं रोज रंगवता."

"बावीस वर्षं झाली लग्नाला, एक नख रंगवलं नाही मी," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या बाटल्या लोखंडाला." मग सूप खाली ठेवलं. "तुम्ही चेष्टा करता भाऊ, पण रेघेचं कारण माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसला, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी बसवायचं काम मिस्त्रींकडे होतं. नट हाताने लावून झाले होते, पाना फिरवायचा होता, तेवढ्यात चहाचा भोंगा झाला. आल्यावर फिरवू म्हणून ते गेले. दुसऱ्या बाजूने त्यांचा जोडीदार आला. नट जागेवर दिसत होते, म्हणजे आवळलेले असणार, असं त्याला वाटलं. जाळी निसटली. चार बोटं गेली त्याची.

"ह्यांच्यावर ठपका आला नाही," वहिनी म्हणाल्या. "हाताने लावलेला नट आणि पान्याने आवळलेला नट दिसायला सारखाच. कोणाला कळणार? ह्यांनाच तेवढं माहीत. दर दिवाळीला जातात त्यांच्याकडे फराळ घेऊन. ते एका हाताने चहा ओततात आणि हे कपाकडे बघत बसतात."

म्हणजे ती रेघ साधी खूण नव्हती. ती साक्ष होती. इथे पाना फिरला आहे आणि फिरवणारा मी आहे, असं लिहून दिलेलं.

हे मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

स्पर्धा होती त्र्यंबक रोडच्या बाजूला, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. त्याआधी दोन महिने आम्ही हरसूलच्या अलीकडच्या कोरड्या ओहोळात सराव केला. तिथला एक म्हातारा शेतकरी रोज नागली राखायचं सोडून बांधावर बसायचा. शेवटच्या दिवशी त्याने मिस्त्रींना विचारलं, "ह्या माणसाला रस्ता कोणी दावत का नाही?"

पहिला येणारा पुण्याच्या मोठ्या फेरीला जाणार होता. आणि मी काय केलं होतं? नाशिक जिल्ह्यातल्या एकूण एक दवाखान्यात सांगून बसलो होतो की पहिला मीच. एका डॉक्टरांनी तर पेढ्यांची ऑर्डर द्यायची का, असं विचारलं. मी म्हणालो, देऊन टाका.

त्या दिवशी सकाळी मिस्त्री पांढरा शर्ट घालून आले, धुऊन इस्त्री केलेला, फक्त तो काळपट डाग तेवढा आपल्या जागी. एकूण सहा टप्पे. प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजूंनी दोरी, मधून आपण जायचं. बाहेरचं कोणी दोरीच्या आत आलं की खेळाडू बाद. आणि नंबर पुकारल्यावर पाच मिनिटांत सुरुवातीच्या खुणेवर हजर झालं नाही तरी बाद. प्रत्येक टप्प्याआधी मिस्त्री एकतीस रेघांवरून अंगठा फिरवायचे, छातीवर पुसायचे आणि विचारायचे, "रेघ जुळली का?" मी म्हणायचो, "जुळली." तेव्हा ते गाडी सोडायचे. पंच वैतागले होते. पुण्याहून आलेला एक जण आयती परदेशी गाडी घेऊन आला होता, तो हे सगळं कौतुकाने बघत होता.

पाच टप्पे झाले. मी आणि तो पुणेकर बरोबरीत. भंगारातली गाडी आणि परदेशी गाडी! खाणीच्या काठावर दहा हजार माणूस जमलं होतं. बरं, दोनशे. आता शेवटचा टप्पा.

पाचव्यात एका दगडाने पुढच्या चाकाला बाजूने दणका दिला होता. मिस्त्री पाण्याची बाटली आणायला गेले होते. मी सहज खाली बघितलं.

मालकाची रेघ तुटलेली.

फार नाही. गव्हाच्या दाण्याएवढी. मी बोट लावलं तर नट हलला. हाताने हलला! त्याच क्षणी भोंग्यावरून माझा नंबर पुकारला गेला. पाच मिनिटं. मिस्त्रींना सांगितलं तर ते काय करणार, हे मला माहीत होतं. एकतीस नट, एक तास. मी बाद. पेढे, दवाखाने, पुणे, सगळं बाद. चौदा नंबरचा पाना मिस्त्रींच्या खिशात, तो मागितला तर कशाला म्हणून विचारणार. हत्यारांच्या पिशवीत मात्र नेलपॉलिशची बाटली वरच होती.

मी नट बोटांनी आवळला, जेवढा आवळेल तेवढा. जुनी रेघ नखाने खरवडली. बाटली उघडली आणि नवी रेघ मारली. फुंकर मारली. बाटली पिशवीत ठेवली. एका मिनिटाचं काम. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, हे मला नंतर फार वर्षं आठवत राहिलं.

मिस्त्री आले, उकिडवे बसले. अंगठा निघाला नटानटांवरून. पंचाने शिट्टी मारली, "चला, चला!" मिस्त्री भराभर पुढे सरकले. मालकावरून अंगठा गेला. पंचवीस वर्षं कानस धरलेला अंगठा, त्याची कातडी बैलाच्या खुरासारखी. ओलं काय, कोरडं काय, त्याला कळलं नाही. छातीवर पुसला. मान वर केली.

"रेघ जुळली का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "जुळली."

त्यांनी गाडी सोडली आणि ते टप्प्याच्या शेवटाला, उताराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

सहावा टप्पा असा. दगडाच्या तीन पायऱ्या चढून एका झोपडीएवढ्या धोंड्यावर जायचं. पलीकडे भिंतीसारखा उतार, त्यावर सुटा मुरूम, आणि खाली खाणीचं हिरवं पाणी साचलेलं. त्या उतारावर मागचा ब्रेक नुसता खरडतो. उतरायचं ते पुढच्या ब्रेकवर.

पहिली पायरी चढलो. दुसरी. तिसरीवर गाडी उभी राहिली, मी पुढे झुकलो आणि धोंड्याच्या माथ्यावर आलो. लोक ओरडले. पुढचं चाक कडेवर नेलं आणि मागचा ब्रेक पायाने दाबून तोल धरून थांबलो. पाय खुंटांवर, इंजिन टुकटुक चालू, उजव्या हाताचं एक बोट पुढच्या ब्रेकवर. लोकांना वाटलं, काय तोल आहे!

मी खाली बघत होतो. खाली मिस्त्री उभे होते. त्यांच्या छातीवर, त्या काळपट डागाच्या मधोमध, एक ओला लाल फराटा होता.

मिस्त्रींच्या रेघा स्पर्धेच्या आदल्या दिवशी मारलेल्या, वाळून कडक झालेल्या. त्यांचा रंग शर्टाला कधीच लागायचा नाही. हे मला वरून कळलं. त्यांना अजून कळलं नव्हतं. ते माझ्या चाकाकडे बघत होते आणि माझी नजर कुठे आहे, ते बघून त्यांनी मान खाली घातली. शर्टाला बोट लावलं. मग अंगठा नाकाशी नेला. वास घेतला.

ही गोष्ट मी आजवर शंभर बैठकांत सांगितली आहे, आणि दर वेळी इथे सांगतो की तेव्हाच मी पाय टेकवला. मन खायला लागलं, जिंकणं सोडलं आणि स्वतःहून पाय टेकवला. ऐकणारे खूश होतात.

मी पाय टेकवला नाही. माझं बोट ब्रेकवर होतं आणि मी उतरणार होतो. पेढे डोळ्यांपुढे होते.

मिस्त्री दोरी ओलांडून आत घुसले. त्या सुट्या मुरुमावरून पन्नाशीचा माणूस हातापायांवर धावत वर चढला. पंचाची शिट्टी वाजत राहिली. मी ओरडलो, "मिस्त्री, बाद होईन मी! बाहेर व्हा!" ते धोंड्याच्या कडेशी आले आणि दोन्ही हातांनी माझं पुढचं चाक धरलं.

"बोट काढ."

"मिस्त्री, अहो…"

"बोट काढ आधी!"

तोवर त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मी बोट काढलं. इंजिन बंद केलं. त्यांनी एका हाताने चाक तसंच धरून ठेवलं आणि मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी मालक फिरवला. पाना नाही, जोर नाही. तीन पायऱ्यांच्या हादऱ्यांत माझी बोटांची आवळणी केव्हाच संपली होती. बाटलीचं झाकण निघावं तसा तो निघाला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"पाना फिरवला व्हता?"

"नाही."

"रेघ मारली व्हती?"

"हो."

खाली ते हिरवं पाणी. मी त्याच्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे गाडीवरून खाली उतरलो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते गाडी धरून मागच्या बाजूने माझ्यासह खाली उतरले, दोरीबाहेर गेले, खाली बसले. नट जागेवर लावला. खिशातून चौदा नंबरचा पाना काढला आणि आवळला. आवळताना माझ्या रेघेचा नटावरचा अर्धा भाग फिरत फिरत पुढे निघून गेला. पट्टीवरचा अर्धा मागेच राहिला. मग त्यांनी बाटली मागितली आणि शेजारी स्वतःची रेघ मारली. बारीक, सरळ, अखंड.

मी म्हणालो, "माझी पुसून टाका ना, मिस्त्री."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

पुणेकर पहिला आला. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "तुमच्या मेकॅनिकने घाई केली हो, तुम्ही उतरला असता." मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही' म्हणायचंही धाडस झालं नाही. मिस्त्री ऐकत होते. आपल्या दोन वर्षांच्या कष्टांवर आपणच पाणी सोडल्याचं ओझं त्यांनी मुकाट्याने उचललं आणि पिशवी आवरली.

त्यानंतरही ते माझ्या गाडीची देखभाल करत राहिले. रविवार चुकला नाही. केबलला सलाइन लागायचं, टायर दाबले जायचे, अंगठा एकतीस नटांवरून फिरायचा, छातीवर पुसला जायचा. वहिनींचा चहा यायचा. मी डॉक्टरांच्या गमती सांगायचो, ते हसायचे. फक्त मान वर करून ते मला विचारायचे नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांना विचारायचे. दूधवाल्याला विचारायचे, कुरिअरवाल्याला विचारायचे. मला नाही. अंगठा फिरवून झाला की उठायचे आणि म्हणायचे, "हं. जा."

हे बारा वर्षं चाललं. (तुम्ही म्हणाल सहा. नाही. बाराच.)

निवृत्त झाल्यावर ते सायखेड्याला गेले. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, हात थरथरायला लागले. एका सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊ, गाडी घेऊन या एकदा. ह्यांनी विचारलंय." मी टेम्पोत घालून गाडी नेली. नदीकाठच्या घराच्या अंगणात त्यांची खाट होती. गाडी खाटेला लावून उभी केली. त्यांना दिसत नव्हतं, पण अंगठ्याला वाट पाठ होती. मागचं चाक, खुंट, इंजिन, हँडल. शेवटी पुढचा ब्रेक. मालकावर अंगठा थांबला. एका रेघेवरून गेला. दुसरीवरून गेला. परत पहिलीवर आला.

मग छातीवर पुसला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी मान वर केली.

"रेघ जुळली का?"

वहिनी सुपारी कातरत होत्या. त्यांचा हात थांबला.

माझ्या तोंडात 'जुळली' आलंच होतं. धंद्यातली पंचवीस वर्षांची सवय, काय करता. मी ते गिळलं. "एक जुळली," मी म्हणालो. "एक नाही."

मिस्त्री हसले. आडवे होत म्हणाले, "मंग बरोबर हाय."

त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. फराळाचा डबा घेऊन मी गेलो, त्या जोडीदाराकडे. त्याने एका हाताने चहा ओतला आणि मी कपाकडे बघत बसलो.

गाडी अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा एक माणूस आला होता. म्हणाला, हे गंजके नट काढून टाकू, चकचकीत नवे लावू. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. नामपूरच्या लिंबाला टांगलेली घंटा, वळून बघणारी गोगलगाय, खाणीच्या काठावरचे दहा हजार लोक. त्याने एकाही आकड्याला भागलं नाही, बिचाऱ्याने. मग तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. "आणि या एकाच नटावर दोन रेघा कशा? ही तर तुटलेली आहे."

मी तेही सांगितलं. या वेळी पाय टेकवला नाही.

"म्हणजे तुम्ही आवळलात आणि त्यांनी आवळला," तो म्हणाला, "यात फरक किती होता?"

नटाला सहा बाजू असतात. माझी अर्धी रेघ पट्टीवर आणि अर्धी नटावर, मधलं अंतर मिस्त्रींनी तसंच मोजून ठेवलं आहे. मी अंगठा फिरवून दाखवला.

"दोन बाजू," मी म्हणालो.

वाचकहो, याला दोनाने भागू नका.